दुसऱ्या दिवसाचे सतरा डोळे

विद्यापीठ वसतिगृह, पुणे
१४ ऑगस्ट १९९४

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र येऊन दीड महिना झाला, आणि आज उत्तर लिहिते आहे तेही काम निघालं म्हणून. मामी म्हणेल, पोरीला गरज पडली की मामा आठवतो. तिला सांगा, खरं आहे.

माझं पीएच.डी.चं काम अडलं आहे. कशावर अडलं ते सांगते. संख्याशास्त्रात एक जुनी रीत आहे. उसाचं वजन पाण्यामुळं किती वाढलं, खतामुळं किती, हे त्या रीतीनं वेगळं काढता येतं. पण ते वजनासारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींचं झालं. जगला की मेला, पास की नापास, असल्या उत्तरांना ती रीत चालत नव्हती. म्हणून ती वाढवली आणि तिला जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल असं नाव दिलं. मला ती आणखी थोडी वाढवायची आहे, ज्यांची उत्तरं पायऱ्यांत येतात अशा गोष्टींसाठी.

बारावीला तुमच्याकडं होते तेव्हा शेठच्या मोतीबिंदूच्या शिबिरात मी तुमच्याशेजारी बसून रजिस्टर लिहायची, आठवतं? तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची. तक्ता वाचतो. बोटं मोजतो. हात हललेला कळतो. उजेड कळतो. उजेडही कळत नाही. या पाच पायऱ्या. वरची कोणती, खालची कोणती हे ठाऊक आहे, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर किती ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय एका माणसाला डोळे दोन. त्यांना दोन वेगळी माणसं समजून मोजलं तर हिशेब चुकतो, कारण एकाच डोक्यातले डोळे एकमेकांसारखे वागतात.

सगळेजण परदेशी पुस्तकांतली तीच ती आकडेवारी घेऊन बसतात. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तुझ्या भागातलं काही असेल तर आण. भंवरलाल शेठच्या शिबिरांची रजिस्टरं तुमच्याकडंच असतात ना? मला नावं नकोत. नंबर, वय, गाव, ऑपरेशनची तारीख, आधीची नजर आणि सहा आठवड्यांनंतरची नजर, एवढं उतरवून मिळालं तर माझा प्रबंध उभा राहील.

आई गेल्यावर तुम्ही दोघांनी मला वाढवलं, आणि दोन दिवाळ्या झाल्या तरी मला घोडेगावला येणं जमलेलं नाही. मामीला सांगा, पत्राखाली तिची एक ओळ नसली की पत्र अळणी लागतं.

तुमची
अश्विनी


घोडेगाव
११ सप्टेंबर १९९४

चि. अश्विनीस,

आशीर्वाद. रजिस्टर उतरवायला पंधरा दिवस लागले. पोस्टानं पाकीट वेगळं पाठवतो आहे. १९८८ ते १९९३ अशी सहा शिबिरं. एकूण चारशे सत्त्याऐंशी डोळे. नावं नाहीत.

शेठला विचारूनच दिलं. त्यांना लई आनंद झाला. म्हणाले, "संपतराव, आपल्या गावच्या डोळ्यांवर पोरगी डॉक्टर होणार." मी म्हणालो, तसली डॉक्टर नाही शेठ, आकड्यांची. ते म्हणाले, "आकड्यांची तर आकड्यांची." त्यांच्या पत्नी कस्तुरबाई नजर गेल्यामुळं शेवटची चार वर्षं भिंतीला धरून चालल्या, हे तुला माहीत आहे. त्यांच्या नावानं शिबिर चालतं. यंदा शेठ आजारी होते म्हणून झालं नाही.

सहा आठवड्यांच्या रकान्यात काही ठिकाणी रिकामं दिसेल. ते लोक जाड भिंगाचा चष्मा घ्यायला परत आले नाहीत. डोंगरातली माणसं आहेत, गाडी एक, ती चुकली की दिवस गेला. रिकामं ते रिकामं धर.

इथं पाऊस बरा आहे. मामीचा आशीर्वाद. ती कामात आहे.

तुझा मामा
संपत


पुणे
१९ डिसेंबर १९९४

ती. मामा,

तुमच्या अक्षरातले कागद संगणकात भरायला मला महिना लागला. डोळे दुखले तेव्हा तुमची आठवण आली.

मॉडेल चाललं. एका डोळ्याचं दुसऱ्याशी असलेलं नातं त्यात नीट बसवता आलं. वय वाढलं की पायरी खाली जाते, आधीची नजर बरी असली की वर जाते, हे अपेक्षित होतं. शंभरातल्या सत्त्याण्णव डोळ्यांना बोटं मोजण्याइतकं किंवा त्याहून चांगलं दिसतं असं उत्तर येतं. बाईंना आवडलं.

पण त्यांनी एक शंका काढली. त्या म्हणाल्या, एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच हत्यारांनी ऑपरेशन झालेले डोळेसुद्धा एकमेकांचे नातेवाईकच असतात, त्यांनाही मॉडेलमध्ये जागा दे. म्हणून मी दिवसावार कागद लावले. इतर सगळ्या दिवशी शंभरात चार-पाच जागा रिकाम्या. पण २१ फेब्रुवारी १९९३, म्हणजे शेवटच्या शिबिराचा दुसरा दिवस, त्यात नंबर २४ ते ४१ या अठरा जणांपैकी सतरा रिकामे. जवळजवळ सलग. फक्त ३८ नंबर परत आला.

मामा, ही माणसं का आली नाहीत? गाडी चुकली म्हणून आली नसतील तर माझं उत्तर बरोबर आहे. पण दिसत नाही म्हणून आली नसतील, तर माझं मॉडेल खोटं बोलतं आहे. रिकामी जागा कशानं रिकामी राहिली हे आकड्यांना कळत नाही. ते तिथल्या माणसालाच माहीत असतं. त्यांतल्या चार-पाच जणांना तुम्ही भेटू शकाल का?

आणि मामीनं सलग तीन पत्रांत एक ओळही लिहिली नाही. माझ्यावर रागावली आहे का?

अश्विनी


घोडेगाव
९ जानेवारी १९९५

चि. अश्विनीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. ती माणसं आहुपे आणि त्या बाजूच्या वाड्यांवरची आहेत. त्या दिवशी डोंगरातले लोक एकत्र आले होते आणि एकत्रच गेले. म्हणून नंबर सलग दिसतात. त्यांना दिसतं. ज्याला दिसायला लागतं तो परत कशाला येईल? नाही आले ते बरे झाले असतील, असं समजून पुढं जा.

शेठ सत्तरीचे आहेत. त्यांच्या पुण्याईच्या कामात फार खोदू नये.

मामी रागावलेली नाही. ती तिच्या बहिणीकडं गेली आहे.

संपत


पुणे
२७ फेब्रुवारी १९९५

ती. मामा,

तुमच्या पत्रानं जीव भांड्यात पडला. तुम्ही तिथले, तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? बाईंना मी सांगितलं, रिकाम्या जागांची चौकशी केली, काही विशेष नाही. त्या सतरा जणांना सोडून उरलेल्यांवर प्रकरण पुरं केलं. मागच्या आठवड्यात परिषदेत वाचलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी उठून सांगितलं की खेड्यातल्या शिबिराची इतकी स्वच्छ आकडेवारी त्यांनी पाहिली नव्हती. मला रजिस्टर लिहिणारे तुमचे हात दिसले.

भंवरलाल शेठना मी मराठीत एका पानाचा सारांश पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं. शंभरात सत्त्याण्णव वाचून त्यांना धीर आला आहे. या मे महिन्यात बेल्ह्याला बाजाराच्या मैदानावर मोठं शिबिर घ्यायचं म्हणतात. तीनशे ऑपरेशनं, तेच डॉक्टर, आणि हत्यारांची सगळी व्यवस्था पुन्हा तुमच्याकडं. तुमचं नाव त्यांनी दोनदा लिहिलं आहे. राजुरीला बाबांनाही कळवते, आमच्याकडची पाच-सहा माणसं तरी येतील.

मामीचे डोळे मागं तक्रार करत होते, असं तुम्हीच कधी तरी लिहिलं होतं. तिलाही त्यात दाखवून घ्या.

अश्विनी


घोडेगाव
१५ मार्च १९९५

अश्विनी,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं जाऊ देतो.

बेल्ह्याचं शिबिर होऊ द्यायचं नाही, म्हणून सांगतो आहे. ते होणार नसतं तर मी सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही.

हत्यारं आणि कापड निर्जंतुक करायचा डबा तू पाहिला आहेस. मोठ्या कुकरसारखा, वर दाबाचा काटा असलेला. काटा पंधरावर गेला की तिथून वीस मिनिटं धरायची. त्या रविवारी सकाळचे तेवीस नीट झाले. दुपारी डबा पुन्हा भरला. वीज गेलेली होती म्हणून स्टोव्हवर ठेवला. बाहेर नातेवाइकांची गर्दी, कुणाला चहा, कुणाला अंथरूण, सगळे संपत-संपत करत होते. मी परत आलो तेव्हा स्टोव्ह विझलेला होता. काटा खाली आला होता. किती वेळापूर्वी विझला ते कळायला मार्ग नव्हता. डबा तर गरम होता. आतून डॉक्टरांनी विचारलं, "संपत, झालं का?" त्यांना संध्याकाळी निघायचं होतं. बाकावर अठरा माणसं औषध घालून बसलेली होती.

मी म्हणालो, "झालं, साहेब."

बाकी काही नाही. एवढंच केलं मी.

डॉक्टर संध्याकाळी गेले. चौथ्या दिवशी मी पट्ट्या सोडून माणसं घरी पाठवली. काहींचे डोळे लाल होते. फोनवर डॉक्टरांना सांगितलं, थोडे लाल आहेत. थोडे, असं म्हणालो. ते म्हणाले थेंब चालू ठेवा. आठवड्यात एकेक निरोप यायला लागला. दोघांना मी पुण्याच्या दवाखान्यात पोचवलं, उशीर झालेला होता.

सहा आठवड्यांनी एक सोडून कुणी आलं नाही, तेव्हा मी पिशवी घेऊन घरोघर गेलो. कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं. रजिस्टरमध्ये चढवायला हात धजावला नाही. तो कागद सोबत जोडला आहे. सतरापैकी अकरा, उजेडही कळत नाही. चार, नुसता उजेड कळतो. दोघं मिळाले नाहीत, कामाला बाहेर गेले होते.

आहुप्याच्या जानकूचा एक डोळा लहानपणीच काट्यानं गेलेला. हा त्याचा दुसरा. त्यानं विचारलं, "भाऊ, कवा दिसंल?" मी म्हणालो, चष्मा आला की दिसेल. तोंडातून गेलं.

आता नंबर ३१. स्त्री, वय ४८, घोडेगाव. ती तुझी मामी आहे. लांबच्यांना आधी घ्यावं म्हणून मीच तिला दुसऱ्या दिवशी दुपारी बसवलं. पाचव्या दिवशी डोळ्यातून पू आला. पुण्याला अकरा दिवस ठेवलं होतं. तुझी एम.एस्सी.ची परीक्षा होती, तू तिथून सायकलवर येशील इतक्या अंतरावर होतीस, पण तिनं कळवू दिलं नाही. उजवा गेला. डाव्यात मोतीबिंदू पिकला आहे, पण त्याला हात लावू देत नाही. अक्षर दिसत नाही म्हणून ती ओळ लिहीत नाही. ती बहिणीकडं गेली नव्हती. इथंच असते.

तिला मी डब्याचं सांगितलेलं नाही. ती नशीब म्हणते.

संपत


पुणे
२३ मार्च १९९५

मामा,

पत्र वाचून मी दोन दिवस खोलीच्या बाहेर गेले नाही.

तुमच्यावर रागवायचं म्हणते आणि मध्येच माझं मला आठवतं. 'स्त्री, ४८, घोडेगाव' ही ओळ माझ्या हातानं मी संगणकात भरली. घोडेगावात अठ्ठेचाळीस वर्षांच्या बायका पुष्कळ असतील म्हणून पुढं गेले. सतरा जागा एका ठिकाणी रिकाम्या पाहून बाईंनी मला विचारायला लावलं, आणि तुमचं चार ओळींचं पत्र आल्यावर मी ते लगेच मानलं, कारण मानलं की प्रकरण पुरं होत होतं. चौकशी केली असं मी बाईंना सांगितलं. चौकशी म्हणजे एक पोस्टकार्ड.

तुमच्या कॅलेंडरचा कागद भरून मॉडेल पुन्हा चालवलं. आता तो दिवस इतर सगळ्या दिवसांपासून इतका वेगळा पडतो की त्याला मॉडेलचीही गरज नाही, शाळेतल्या मुलालाही दिसेल. एकच गोष्ट मला मॉडेलनं शिकवली. मी धरून चालले होते की एका माणसाचे दोन डोळे सारखे असतात ते वयानं, रक्तानं. मामीचा डावा डोळा उजव्यामुळं आंधळा राहिला. तुमच्या कागदावर आणखी सहा जण असे आहेत, ज्यांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नाकारलं. ते मला कुठल्या सूत्रात घालता येईना. मी रडले, मामा. संगणकाच्या खोलीत सगळ्यांसमोर.

परिषदेला पत्र लिहून निबंध मागं घेतला. बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं.

शेठना मी लिहू शकते. लिहिणार नाही. ते तुम्ही सांगायचं आहे, तोंडानं, आणि एप्रिल संपायच्या आत. नाही सांगितलंत तर मात्र मी येऊन सांगेन. मामीलाही सांगा. तिला नशिबाला दोष देत बसू देऊ नका.

परीक्षा होती म्हणून मला कळवलं नाही, हे मी तुम्हा दोघांना कसं माफ करू ते मला कळत नाही.

अश्विनी


घोडेगाव
६ जून १९९५

चि. अश्विनीस,

सांगितलं. शेठना एप्रिलमध्येच, अक्षय्य तृतीयेच्या आधी. तू येऊन गेलीस तेव्हा मामीसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेठ म्हणाले, "संपतराव, बेल्ह्याला मांडव कुठं घालायचा ते बघून आलात का?" मी म्हणालो, "शेठ, मांडव घालू नका." मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. संपल्यावर शेठ म्हणाले, "डबा तुमच्याकडं होता?" "होय." "आणि दोन वर्षं तुम्ही माझ्या दुकानात चहा पीत होता." मग म्हणाले, "यादी द्या. नावांची."

शिबिर त्यांनी त्याच दिवशी रद्द केलं. डॉक्टरांना कळवलं. डॉक्टर स्वतः आले, म्हणाले, काटा मी बघायला हवा होता, आणि आधी न मिळालेल्या, आता सापडलेल्या दोघांसह जे आले त्यांना नंतर पुण्यात तपासून घेतलं. चौघांना थोडं अधिक दिसेल असं म्हणतात. बाकीच्यांचं काही होणार नाही.

शेठ म्हणाले, "मी घरोघर जाणार, तुम्ही वाट दाखवायची." जीप जाईल तिथपर्यंत जीप, पुढं पायी. त्या वयात ते चढ चढले. प्रत्येक दारात मी सांगायचं आणि शेठनी हात जोडायचे. कुणी आत घेतलं, कुणी घेतलं नाही. सावळेराम म्हणून एक आहे, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता सांगून काय उपेग? जावा." त्याचं बरोबरच होतं.

जानकू नाही. गेल्या भादव्यात काठी टेकत ओढ्याकडं गेला आणि घसरला. तिसऱ्या दिवशी खालच्या बाजूला सापडला. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, गेणाबाईनं, मला आवाजावरून नाही, पिशवीवरून ओळखलं. मी तोंड उघडायच्या आधी तिनं विचारलं, "चष्मा आणला का, भाऊ? लई वाट बघितली त्यांनी."

मी तिथं खाली बसलो. शेठनीच तिला सांगितलं. मला सांगता आलं नाही. सोळा दारांत एवढं एकच.

परत येताना जीप आधी शेठच्या दुकानाशी थांबली. उतरताना म्हणाले, "संपतराव, आता आमच्या दुकानाची पायरी चढू नका. राग म्हणून नाही सांगत. तुम्ही दिसला की मला ती बाई दिसेल." तेव्हापासून मी त्या रस्त्यानं जात नाही.

तुझ्या मामीला, गोजराला, त्याच संध्याकाळी सांगितलं. ती परातीत तांदूळ घेऊन बोटांनी खडे काढत बसली होती. "बरं," म्हणाली, आणि खडे काढत राहिली. त्या दिवसापासून आमच्यात त्यावर बोलणं नाही. डाव्या डोळ्याचं तू तिला इतकं समजावलंस, तरी ती नाहीच म्हणते. माझ्या हाताखालून गेलेल्या कशावरही तिचा विश्वास राहिला नसेल.

तुझा प्रबंध पुरा कर. कॅलेंडरचा कागद त्यात घाल.

मामा


पुणे
३० नोव्हेंबर १९९६

ती. मामा,

प्रबंध मान्य झाला. त्यातलं चौथं प्रकरण रिकाम्या जागांचं आहे, ज्या कुणी मुद्दाम किंवा भीतीनं सोडल्या त्यांचं. मॉडेलमध्ये त्यांचा अंदाज बांधायची एक रीत मी काढली आहे. परीक्षकांनी तेवढ्याच प्रकरणाबद्दल विचारलं. ही आकडेवारी कुठली, असंही विचारलं. मी सांगितलं, माझ्या घरची.

तुमची तब्येत बरी नसते असं मामीच्या निरोपातून कळलं. छातीत दुखतं ते अंगावर काढू नका. माझा राग होता. तो कधी गेला ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि गेला हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

अश्विनी


घोडेगाव
८ मार्च १९९८

अश्विनी बाय,

आशीर्वाद. हे भंवरलाल शेठची धाकटी सून रिंकू लिहितीय. मी सांगती तसंच लिही म्हणून तिला सांगितलंय. तुझा मामा गेल्यापासून ती एक दिवसाआड येती. शेठ येत न्हाईत, पर तिला त्यांनीच धाडलं.

तू दहाव्याला आलीस तवा मला बोलायचं व्हतं. घरात माणसं व्हती, अन तू रडत व्हतीस. म्हणलं नंतर सांगू. नंतर नंतर करत माझी पाच वर्सं गेली, म्हणून आज सांगतीच.

त्या रविवारी मी बाकावर बसले व्हते. डोळ्यात औषध घातल्यालं, सगळं धुरकट. पर कान व्हते. स्टोव्ह माझ्यापासनं दोन हातांवर व्हता. बाय, मी तीस वर्सं स्टोव्हवर सैपाक केला. त्याचा आवाज बंद झाल्याला बाईच्या कानाला कळतो. माझ्या आधीचे सात जण आत जायच्या लई आधीच तो बंद झाला व्हता. पाणी उकळायचा आवाज बी थांबला व्हता. मग तुझा मामा आला अन आतनं डाक्टरांनी इचारलं, अन हे म्हणाले, झालं.

मला तवाच कळलं, झालं न्हाई.

मी बोलले न्हाई. चार माणसांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? साहेबाम्होरं त्यांची मान खाली जाईल. अन मनात असं बी आलं, त्यांना कळत असंल की, एवढी वर्सं हेच काम करत्यात. माझ्या आधी सात जण उठून आत गेले. माझा नंबर आला, मी बी गेले. माझ्यामागनं धा गेले. त्यात जानकू व्हता. माझ्याच बाकावर, माझ्या बाजूला. मला म्हणाला, "वयनी, भ्या वाटतंय." मी म्हणलं, भिऊ नगंस.

तुझ्या मामाला वाटायचं मला ठावं न्हाई. ते मला सांगायला आले त्या दिवशी तरी बोलायला पायजे व्हतं. जीभ उचलली न्हाई. मी 'बरं' म्हणले, त्यांना वाटलं मी रागावले. मला रागवायला तोंड कुठं व्हतं? दोघांचं व्हतं ते, अन त्यांनी एकट्यानं वाहिलं. तीन वर्सं माझ्याशेजारी बसून जेवले, अन मी सांगितलं न्हाई. शेवटच्या दिवशी बी माझा हात धरून म्हणाले, "गोजरा, तुझा डोळा मी घालवला." मी म्हणलं, असू द्या. असं म्हणायचं नव्हतं मला. मला म्हणायचं व्हतं ते वेगळंच व्हतं, अन ते ऐकायला आता ते न्हाईत.

इथं रिंकू लिहायची थांबली. म्हणाली, मामी, हे लिहू का? मी म्हणलं, लिही.

डाव्या डोळ्याचं तू परत इचारलंस. मी नको म्हणत व्हते ते भीतीनं न्हाई. बाकावरच्या बाकीच्यांना जे मिळालं न्हाई, ते मी एकटीनं कसं घ्यावं, एवढंच व्हतं. त्याचं नंतर बघू.

येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं मी आहुप्याला निघालीय. वाट दावायला रिंकू संगं येती. गेणाबाईला सांगायचंय की मी बी तिथंच व्हते, मला ठावं व्हतं, अन तुझ्या मालकाला भिऊ नगंस म्हणणारी मीच. तिनं घरात घेतलं तर आत बसून सांगीन. न्हाई घेतलं तर दारात बसून सांगीन.

तू येऊ नगंस. हे मला एकटीनं करायचंय.

तुझी मामी
गोजराबाई